विचारलं, पण पुढे काय?

गावात आत्महत्या प्रतिबंधाचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी असं होतं. १० सप्टेंबर, म्हणजे जागतिक आत्महत्या प्रतिबंध दिन. ग्रामपंचायतीचं सभागृह, तालुक्याहून आलेले डॉक्टर, पडद्यावर लक्षणांची यादी. आशाताई, अंगणवाडी सेविका, पोलीस पाटील, बचत गटाच्या चार-दोन बाया. दोन तासांत ‘ओळखा, बोलतं करा, मदतीपर्यंत न्या’ हे तीन शब्दसमूह दहा वेळा सांगून होतात. मग चहा, हजेरीपटावर सह्या, फोटो. वर अहवाल जातो तो प्रशिक्षित माणसांच्या आकड्याचा.

या आकड्याने जीव वाचत नाहीत. ‘मनात जीव द्यायचा विचार येतोय का?’ हे माणसाला विचारायला शिकवणं गरजेचं आहेच. पण विचारल्यावर समोरचा ‘हो’ म्हणाला तर पुढचा एक तास, ती रात्र आणि त्यानंतरचे १८ महिने कुणी काय करायचं, हे गावात आधी ठरलेलं नसेल तर ते शिक्षण अर्धवट आहे. अर्धवट शिकलेला माणूस घाबरतो आणि पुढच्या वेळी विचारतच नाही.

प्रश्न केवढा आहे ते आधी पाहू. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे. त्यातल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे सगळ्या राज्यांत सर्वाधिक. शेतीवर जगणाऱ्यांच्या, म्हणजे शेतकरी आणि शेतमजुरांच्या, राज्यातल्या आत्महत्या ४,२४८. ही संख्या भयानक आहे. पण उरलेल्या १८ हजारांहून अधिक माणसांचं काय? पोलिसांनी नोंदवलेल्या कारणांत देशभरात पहिलं आहे कौटुंबिक अडचणी, ३१.७ टक्के; दुसरं आजारपण, १८.४ टक्के. आपल्याकडे मात्र विषय निघाला की डोळ्यांसमोर फक्त कर्जबाजारी शेतकरी येतो. सासरी कोंडलेली सून, पाठदुखीने वर्षभर अंथरुणाला खिळलेला म्हातारा, दहावीच्या निकालाला घाबरलेलं पोर हे प्रशिक्षणाच्या यादीत कुठेतरी तळाला असतात.

सरकारी यंत्रणेचं लक्षही मृत्यूनंतर जागं होतं. शेतकऱ्याच्या मृत्यूनंतर पंचनामा, सातबारा, कर्जाचे कागद, मग समितीपुढे प्रकरण आणि शेवटी ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ असा शेरा. १ लाख रुपयांच्या मदतीसाठी एवढी काटेकोर फाइल तयार होते. तोच माणूस तीन महिन्यांपूर्वी विष घेऊन ग्रामीण रुग्णालयातून बरा होऊन घरी आला होता, याची फाइल कुठेच नसते. आमचा सगळा आग्रह या दुसऱ्या फाइलसाठी आहे.

आता विचारण्याबद्दल. मराठीत आपली एक खोड आहे: नको असलेलं उत्तर प्रश्नातच छाटून टाकायचं. ‘काही वेडंवाकडं तर मनात नाही ना?’ या ‘ना’ला ‘नाही’ हेच उत्तर आहे. विचारणाऱ्याला हायसं वाटतं आणि समोरच्याला कळतं की खरं ऐकायची याची तयारी नाही. प्रश्न सरळ हवा. ‘भाऊ, एवढा त्रास झाला की माणसाच्या मनात कधी जीव द्यायचा विचार येतो. तुमच्या मनात येतोय का?’ एवढं बोलून गप्प बसायचं. मनात दहापर्यंत आकडे मोजायचे. उत्तर बहुतेकदा सातव्या-आठव्या आकड्याला येतं, आणि नवखा माणूस तिसऱ्यालाच दुसरं काहीतरी बोलून मोकळा होतो.

असं विचारल्याने नसलेला विचार डोक्यात घुसतो ही भीती जुनी आहे आणि चुकीची आहे. या प्रश्नावरच्या अभ्यासांत तसा परिणाम आढळलेला नाही. उलट विचारल्यावर ओझं हलकं झाल्याचं लोक सांगतात.

पण हे सांगून भागत नाही, तोंडात बसवावं लागतं. म्हणून गट वीस-पंचवीस जणांचाच असावा, वेळ किमान अर्धा दिवस, आणि त्यातला निम्मा वेळ तिघा-तिघांच्या सरावाला. एकाने विचारायचं, एकाने उत्तर द्यायचं, तिसऱ्याने नुसतं ऐकायचं. मग जागा बदलायच्या. प्रत्येकाने तो प्रश्न मोठ्याने किमान तीन वेळा विचारला पाहिजे. पहिल्यांदा लोक हसतात. दुसऱ्यांदा ‘जीव द्यायचा’ या शब्दांपाशी आवाज खाली जातो. तिसऱ्यांदा प्रश्न सरळ बाहेर येतो. भाषण ऐकून गेलेला माणूस पहिल्या पायरीवरच राहतो, आणि त्याला स्वतःलाही ते ठाऊक नसतं. सहा महिन्यांनी दोन तासांची उजळणी ठेवली नाही तर शिकलेलं पुसट होत जातं.

सत्र घेणाऱ्याने आणखी एक धरून चालावं: त्या खोलीत कुणीतरी असा असेलच ज्याच्या घरात असा मृत्यू झालाय, किंवा जो आज स्वतःच त्या विचारात आहे. म्हणून ‘कुणाकुणाच्या मनात असं आलंय, हात वर करा’ हे कधीही करू नये. घटनांचे फोटो, कुणी कसा जीव दिला याची वर्णनं, चिठ्ठ्यांचं वाचन यातलं काही नको. एक अनुभवी माणूस पूर्ण वेळ बाहेर ओट्यावर बसलेला असावा, उठून गेलेल्याशी बोलायला. सत्र संपल्यावर प्रशिक्षकाने तासभर थांबावं. खरं बोलायचं असणारा माणूस चहा झाल्यावर, गर्दी पांगल्यावर जवळ येतो.

उत्तर ‘हो’ आलं तर? इथे बहुतेक जण चुकतात, आणि मायेपोटीच चुकतात. ‘असं बोलू नये.’ ‘पोरांकडे बघ जरा.’ ‘तुला काय कमी आहे?’ त्या माणसाची आधीच खात्री झालेली असते की आपण पोरांवर ओझं आहोत. ‘पोरांकडे बघ’ म्हटलं की त्या ओझ्यावर अपराध चढतो, आणि तो पुन्हा तोंड उघडत नाही. उपदेशाऐवजी पुढचे प्रश्न लागतात. आजकालच येतोय हा विचार, की बऱ्याच दिवसांपासून? कसं, कधी, असं काही ठरवलंय का? त्यासाठी काही जवळ आणून ठेवलंय का? आधी कधी प्रयत्न झाला होता का? ठरवलेलं असेल, साधन जवळ असेल किंवा आधी प्रयत्न झालेला असेल, तर ते काम आजचं, आत्ताचं. त्याला एकटं सोडून कुणाला तरी ‘सांगून येतो’ म्हणून निघायचं नाही. फोन करायचा आणि दुसऱ्याला तिथे बोलवायचं.

‘कुणाला सांगणार नाही’ अशी शपथ घ्यायची नाही. ‘तुमचा जीव वाचवायला जेवढ्यांना सांगावं लागेल तेवढ्यांनाच सांगेन, आणि कुणाला सांगायचं ते आपण दोघं मिळून ठरवू’ एवढंच वचन द्यावं. बाईच्या बाबतीत हे ठरवणं फार जपून करावं लागतं. आशाताई घरात गेली की सासू शेजारी बसते. तिच्यासमोर विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर खरं येणार नाही. उपकेंद्रात वजन-रक्तदाब तपासायच्या निमित्ताने किंवा बचत गटाच्या बैठकीनंतर एकटीशी बोलावं. मारहाण घरातच होत असेल तर नवऱ्याला बोलावून ‘समजूत घालणं’ म्हणजे तिला पुन्हा त्याच दारात ढकलणं. तिथे १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आणि तिच्या विश्वासातलं माहेरचं माणूस कामाचं. अल्पवयीन मुलांसाठी १०९८ आहे.

टेलिमानस, म्हणजे केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोन सेवा, नंबर १४४१६. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. पण नंबरचा कागद हातात देऊन निघून येणं म्हणजे मदतीपर्यंत नेणं नव्हे. त्याच्या शेजारी बसून, त्याच्याच फोनवरून लावायचा, स्पीकर सुरू करायचा आणि पहिलं वाक्य आपण बोलायचं. प्रत्येक प्रशिक्षणात सगळ्यांनी तो नंबर आपल्या मोबाइलमध्ये तिथेच जतन करावा.

त्या रात्रीसाठी आणि नंतरच्या वाईट रात्रींसाठी एक कागद करतात. अमेरिकेत स्टॅन्ली आणि ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तो बसवला, आणि आता जगभर वापरला जातो. त्यात सहा गोष्टी, माणसाच्या स्वतःच्या शब्दांत: मन कधी घसरायला लागतं त्याच्या खुणा, एकट्याने काय केलं की बरं वाटतं, कुठे, कुणात जाऊन बसता येतं, उघडपणे मदत कुणाकडे मागायची, डॉक्टर-समुपदेशकांचे नंबर, आणि घर सुरक्षित करायला काय दूर ठेवायचं. ‘सकारात्मक विचार करीन’ अशी ओळ आली की तो कागद वाया गेला समजा. ‘रात्री झोप लागली नाही की उठून गोठ्यात जातो, म्हशीला वैरण टाकतो, तरी बरं नाही वाटलं तर मोठ्या भावाला फोन’ ही ओळ उपयोगाची. कागद घडी घालून मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवायचा, आणि त्याची एक प्रत त्या भावाकडे.

आता साधनाचा प्रश्न. गावाकडे फवारणीच्या विषाला आपण ‘औषध’ म्हणतो, आणि ते औषधासारखंच घरात ठेवतो. मनाचा कडेलोट होतो तो काळ अनेकदा फार थोडा असतो, काही मिनिटांचा किंवा काही तासांचा, आणि दारू प्यायलेली असेल तर आवर आणखी सुटतो. त्या वेळात विष हाताशी नसेल तर बऱ्याच जणांचा तो क्षण टळतो. टळला म्हणजे माणूस दुसरा मार्ग शोधतोच, हा समज आकड्यांत टिकत नाही.

मग घरोघरी कुलपाच्या पेट्या वाटू या, ही सूचना प्रत्येक बैठकीत येते. दिसायला उत्तम, फोटोलाही चांगली. श्रीलंकेत १८० गावांतल्या ५३ हजारांहून अधिक घरांत हे नीट अभ्यास म्हणून करून पाहिलं. २०१७ मध्ये निष्कर्ष आला की विषप्राशनाचं प्रमाण त्याने कमी झालं नाही. कारण उघड आहे. किल्ली घरातच, आणि फवारणी करणाराच किल्लीचा धनी. परिणाम झाला तो वेगळ्याच गोष्टीचा. त्याच श्रीलंकेने १९८४ पासून टप्प्याटप्प्याने सर्वाधिक जहाल कीटकनाशकांवर बंदी आणली. १९९५ च्या सुमारास तिथे आत्महत्यांचं प्रमाण लाखामागे ५७ होतं. २०१५ पर्यंत ते १७ वर आलं. पिकांच्या उत्पादनात त्यामुळे घट झाल्याचं दिसलं नाही. म्हणून पेट्यांसाठी खर्च होणारा पैसा आणि लोकप्रतिनिधींचा उत्साह बंदीच्या मागणीकडे वळला पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-मजूर दगावले, तेव्हा राज्य सरकारने काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवलीच होती. म्हणजे इच्छा झाली की हात चालतो.

बंदी गावाच्या हातात नाही, साठवण आहे. तमिळनाडूत काट्टुमन्नारकोइल भागातल्या दोन गावांत सगळ्यांचं कीटकनाशक एका सामायिक जागी, ज्याच्या-त्याच्या कप्प्यात, राखणदाराच्या नोंदीने ठेवायचा प्रयोग झाला. लोकांनी तो स्वीकारला आणि निष्कर्ष आशादायक होते, पण गावं दोनच. मोठा पुरावा अजून हवा. आपल्याकडे विविध कार्यकारी सोसायटीच्या गोदामात हे करून पाहण्यासारखं आहे, अट एकच: फवारणीच्या दिवशी पहाटे पाचला दार उघडलं पाहिजे. ते उघडलं नाही तर महिन्याभरात बाटल्या पुन्हा घरात येतात.

आणि कृषी सेवा केंद्राचा दुकानदार. प्रशिक्षणाला त्याला कुणी बोलावत नाही, खरं तर पहिली खुर्ची त्याची. ‘कोणत्या पिकावर, किती पंप मारायचेत?’ हा त्याचा रोजचाच प्रश्न आहे. हंगाम नसताना आलेला, पीक सांगता न येणारा, नजर चुकवणारा किंवा प्यायलेला गिऱ्हाईक असेल तर ‘माल संपलाय, उद्या ये’ म्हणायचं, बसवून पाणी द्यायचं आणि घरच्यांना फोन लावायचा. हंगामाच्या सुरुवातीला एकदम न घेता लागेल तसं थोडं घ्यायला सांगणं, उरलेलं परत घेणं, हेही त्यालाच जमणारं आहे.

विष पोटात गेलंच असेल तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायच्या फंदात पडू नये. त्याने विष फुप्फुसात जाण्याचा धोका वाढतो. १०८ ला फोन, माणूस कुशीवर, आणि डबा किंवा बाटली लेबलसकट सोबत. दवाखान्यात ‘फवारताना नाकातोंडात गेलं’ असं सांगायची पद्धत आहे, पोलिसांच्या भीतीने. त्यामुळे शरीराचे उपचार होतात, मनाकडे कुणी पाहतच नाही, आणि तो माणूस त्याच घरात, त्याच अडचणीत परत येतो. ही भीती आता निराधार आहे हे गावोगाव सांगायला हवं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच गृहीत धरलं जातं, आणि पुन्हा तशी वेळ येऊ नये म्हणून काळजी, उपचार व पुनर्वसन देणं हे सरकारचं कर्तव्य ठरवलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत, आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा देणाऱ्या जुन्या दंड संहितेच्या कलम ३०९ सारखा गुन्हाही नाही. फक्त लोकसेवकाला त्याच्या कामापासून अडवण्यासाठी किंवा त्याच्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न कलम २२६ खाली येतो. हे पोलीस पाटलांनीच ग्रामसभेत वाचून दाखवावं. त्यांच्या तोंडून ऐकलं तर लोकांचा विश्वास बसतो.

रुग्णालयातून घरी आलेला माणूस हा गावातला सगळ्यांत जास्त जोखमीचा माणूस. आणि इथेच स्वस्त, चांगला पुरावा असलेलं काम आपण करत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत, त्यात चेन्नईही होतं, प्रयत्नातून वाचलेल्या १,८६७ जणांवर अभ्यास केला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. उरलेल्यांना त्याशिवाय घरी जाण्याआधी तासभर माहिती, आणि नंतर १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट: पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या, अकराव्या आठवड्यात, मग चौथ्या, सहाव्या, बाराव्या, अठराव्या महिन्यात. १८ महिन्यांनी पहिल्या गटात आत्महत्येने झालेले मृत्यू २.२ टक्के होते, दुसऱ्या गटात ०.२ टक्के.

हे वेळापत्रक आशाताईंना अनोळखी नाही. बाळंतीण घरी आली की तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या जातातच, त्याचा अर्ज भरतात, त्याचे २५० रुपये मिळतात. तसंच हे काम उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने फोनवर आणि आशाताईंनी भेटीने वाटून घ्यावं, आणि त्याचा मोबदला ठरवून द्यावा. आधीच वाकलेल्या बायकांवर हे ‘समाजसेवा’ म्हणून लादलं तर दुसऱ्या आठवड्यानंतर वहीची पानं कोरी राहतील, आणि तो दोष त्यांचा नसेल. भेटीत मोठं समुपदेशन अपेक्षित नाही. झोप कशी आहे, गोळ्या चालू आहेत का, तो विचार पुन्हा आला का, पुढची तारीख अमुक. वहीवर गावभर वाचता येईल असं नाव नको, क्रमांक पुरे.

शाळांसाठी मात्र वेगळा धडा आहे. युरोपातल्या १० देशांत १६८ शाळांमधल्या ११,११० मुलांवर झालेल्या अभ्यासात शिक्षकांना लक्षणं ओळखायला शिकवून आत्महत्येचे प्रयत्न लक्षणीय कमी झाले नाहीत. जिथे मुलांनाच ताण, भांडणं, मित्राची अडचण यांवर नाटुकल्यांतून, चर्चेतून सराव दिला, तिथे वर्षभरात नवे प्रयत्न जवळपास निम्म्यावर आले. तेव्हा शिक्षकांची कार्यशाळा उरकून शाळेचं काम झालं असं कुणी मानू नये.

मृत्यू घडलाच तर पुढचे काही आठवडे गावाला सांभाळावे लागतात. तरण्या पोराच्या फोटोचा फ्लेक्स चौकात लागतो, चिठ्ठीचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरतो, बातमीत ‘कर्जाला कंटाळून जीवनयात्रा संपवली’ असं छापून येतं. या प्रत्येकातून दुसऱ्या खचलेल्या माणसाला एकच ऐकू येतं, की एवढ्या त्रासाला हेच उत्तर आहे. भारतीय प्रेस परिषदेने २०१९ मध्येच यावर मार्गदर्शक सूचना दिल्यात: बातमी ठळकपणे मिरवू नये, पद्धत सांगू नये, एकच कारण चिकटवू नये, मदतीचा नंबर द्यावा. तालुक्याच्या वार्ताहराला प्रशिक्षणाला बोलावून हे हातात द्यावं. फ्लेक्सचं सरपंचांनी आधीच ठरवून टाकावं. दुःखाच्या दिवशी नाही म्हणणं कुणालाच जमत नाही. मागे राहिलेल्या बाईकडे तेराव्यानंतर जाणारं कुणीतरी हवं: वारस नोंद, बँक, मुलांची शाळा, आणि तिची स्वतःची झोप.

पुढच्या १० सप्टेंबरला अहवालात प्रशिक्षितांचा आकडा खुशाल लिहावा. त्याच्या खाली तीन रकाने वाढवावेत: या वर्षी गावात किती जणांना थेट विचारलं, प्रयत्नातून वाचून घरी आलेले किती, आणि त्यांच्या नऊपैकी किती भेटी झाल्या. तिसऱ्या रकान्यात दोन किंवा तीन आला तर त्या उपकेंद्रात जाऊन, वही उघडून, चौथी भेट का झाली नाही ते विचारावं.